पटकीच्या विषाचा मागोवा : डॉ. शंभुनाथ डे

महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या गावांच्या वेशीवर मरीआईचे एक लहानसे देऊळ असते. पटकीची साथ आली की गाव तिला शरण जाई, नैवेद्य दाखवी, गाडा ओढून साथ शिवेपार नेई. बंगालमध्ये हीच भीती ओलाईचंडी आणि ओलाबीबी या नावांनी पुजली जात होती. देवतांची नावे निराळी, पण घराघरांतले दुःख एकच होते. सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी उलट्याजुलाबांनी हैराण होई, त्याचे डोळे खोल जात, आवाज बसे आणि दिवस मावळण्यापूर्वी त्याचा देह थंडगार पडे. शरीरातले पाणी इतक्या वेगाने का ओसरते, हा प्रश्न पिढ्यान्पिढ्या अनुत्तरित होता. त्याचे उत्तर याच बंगालच्या मातीत वाढलेल्या एका अबोल वैद्यकसंशोधकाने शोधले. त्यांचे नाव डॉ. शंभुनाथ डे.

शंभुनाथांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यातील गरिबाटी या गावी झाला. वडील दाशरथी डे यांचा छोटासा व्यवसाय होता, परंतु त्यात त्यांना फारसे यश लाभले नाही. घरात विद्येची परंपरा नव्हती. शिकलेले असे एक काका होते आणि पुतण्याची बुद्धी ओळखून त्यांनी त्याच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले. गावच्या शाळेतून शंभुनाथ उत्तम गुणांनी मॅट्रिक झाले, त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि हुगळी मोहसीन महाविद्यालयातील शिक्षण पूर्ण करून ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात दाखल झाले. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलापुढे कोलकात्यासारख्या शहरात राहण्याजेवणाचा प्रश्न मोठा होता. एका उदार गृहस्थांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, म्हणून तो सुटला. काकांची दृष्टी, गावातली शाळा, शिष्यवृत्तीची रक्कम आणि एका परक्या घरातले ताट यांपैकी एकही गोष्ट नसती, तर पुढचा इतिहास घडला नसता.

१९३९ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि १९४२ मध्ये त्यांनी उष्णकटिबंधीय रोगांच्या विषयातील पदविका मिळविली. व्यवसाय थाटून पैसा मिळविण्याचा मार्ग मोकळा असतानाही त्यांनी महाविद्यालयातील विकृतिशास्त्र विभागात प्रात्यक्षिके घेणाऱ्या अध्यापकाची जागा पत्करली. मेलेल्या माणसाच्या अवयवांवरून रोगाचा मार्ग वाचणे हे या शास्त्राचे काम आणि त्यात त्यांचे मन रमले. त्याच महाविद्यालयातील प्राध्यापक एम. एन. डे यांची कन्या तरुबाला यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४७ मध्ये, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना, शंभुनाथ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात प्राध्यापक रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली संशोधनासाठी दाखल झाले. तेथे त्यांनी फुप्फुसांत पाणी साठण्याच्या आणि मेंदूतील जलसंचयाच्या विकारांवर प्राण्यांमध्ये प्रयोग केले. १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवून ते परतले. शरीरातला द्रव आपली जागा सोडून भलतीकडे का जातो, हा लंडनमधील अभ्यासाचा गाभा होता. कोलकात्यात परतल्यावर तोच प्रश्न त्यांना पटकीच्या रोग्यांच्या खाटांजवळ पुन्हा भेटला.

पटकीचे ज्ञान तोवर कोठे येऊन थांबले होते, ते येथे पाहिले पाहिजे. १८८४ च्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यातील रोग्यांच्या आतड्यांत स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पाहिला आणि तोच रोगाचे कारण असल्याचे सांगितले. हा जंतू एखादे विष तयार करीत असावा, असा तर्कही त्यांनी केला होता. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे ते विष हाती लागले नाही. संशोधक जंतूंचा अर्क प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत टोचत. प्राणी मरत, पण त्यांना पटकी होत नसे. तोंडावाटे जंतू दिले तर मोठ्या सशाला काहीच होत नसे. हळूहळू असा समज रूढ झाला की, जंतू मेल्यावर त्याच्या शरीरातून सुटणारे अंतर्विष आतड्याचे अस्तर नष्ट करते आणि मग त्या उघड्या जखमेतून पाणी पाझरते. पाठ्यपुस्तकांत हेच लिहिले जात होते आणि वर्गांत हेच शिकवले जात होते.

शंभुनाथांची नेमणूक कोलकात्याच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात झाली. पटकीचे रोगी तेथे सहज पाहावयास मिळत. आरंभी त्यांनी या रोगात मूत्रपिंडांची जी हानी होते तिचा अभ्यास केला. तो करता करता त्यांची नजर मूळ घटनेकडे वळली. रोगी मरतो तो पाणी गेल्याने आणि पाणी जाते ते आतड्यातून. पटकीचा जंतू रक्तात शिरत नाही, आतड्याच्या पोकळीतच राहून तो आपले काम करतो. मग त्याची परीक्षा रक्तात किंवा उदरपोकळीत का घ्यावी? जंतू जेथे वावरतो तेथेच त्याला गाठले पाहिजे, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. हा विचार आज साधा वाटतो, परंतु सत्तर वर्षे तो बाजूला पडून राहिला होता.

त्यांनी योजलेला प्रयोगही तितकाच सरळ होता. सशाला भूल देऊन त्याचे पोट उघडायचे, लहान आतड्याचा काही इंचांचा भाग दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने बांधून बंद करायचा, त्या बंद नळीत पटकीच्या जंतूंचा द्रव सुईने सोडायचा आणि पोट शिवून टाकायचे. शेजारचा दुसरा बांधलेला भाग तुलनेसाठी जंतूंशिवाय ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पाहिले तर जंतू सोडलेली नळी तांदळाच्या धुवणासारख्या द्रवाने टम्म फुगलेली असे आणि तुलनेची नळी रिकामी, चपटी असे. रोग्याच्या खाटेवर दिसणारी घटना आता सशाच्या आतड्याच्या लहानशा तुकड्यात पाहता येऊ लागली. हे काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. यासाठी महागडे यंत्र लागले नाही. ससे, दोरा, सुई आणि नीट विचारलेला प्रश्न एवढेच साहित्य होते.

१९५५ मध्ये ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र आणि जिवाणुशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कसोटी दुसऱ्या एका जंतूला लावली. ई. कोलाय हा जंतू प्रत्येक माणसाच्या आतड्यात असतो आणि एरवी तो निरुपद्रवी मानला जातो. परंतु हगवणीच्या रोग्यांपासून मिळविलेले या जंतूचे काही वाण सशाच्या आतड्यात पटकीप्रमाणेच पाणी साठवितात, असे त्यांना आढळले. घरातलाच वाटणारा जंतू काही वेळा वैऱ्यासारखा वागतो, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे याच प्रकारच्या ई. कोलायमुळे गरीब देशांतील असंख्य बालकांना अतिसार होतो, हे जगाला कळले.

१९५९ चे वर्ष निर्णायक ठरले. शंभुनाथांनी पटकीचे जंतू पोषकद्रवात वाढविले आणि तो द्रव अशा रीतीने गाळला की त्यात एकही जंतू उरू नये. मग तो जंतुविरहित द्रव त्यांनी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. आतडे पुन्हा पाण्याने भरले. जंतू नसतानाही रोग घडला होता. अर्थात जिवंत जंतू एक विष बाहेर टाकतो आणि ते विषच आतड्याला पाणी ओतावयास लावते. कॉख यांच्या तर्काला पंचाहत्तर वर्षांनी प्रमाण मिळाले. मे १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ही वार्ता अवघ्या दोन पानांत आली. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील एन. के. दत्ता आणि त्यांचे सहकारी सशांच्या अर्भकांवर प्रयोग करून पटकीच्या विषाकडेच बोट दाखवीत होते. पटकीने ज्या देशाला सर्वाधिक छळले, त्याच देशातील दोन शहरांत तिचे गूढ उकलले जात होते.

या शोधाने पटकीविषयीचा विचार मुळापासून बदलला. विष आतड्याचे अस्तर फाडत नाही, त्याला केवळ पाणी आणि क्षार सोडावयास भाग पाडते, हे पुढील काही वर्षांत निर्विवादपणे सिद्ध झाले. अस्तर शाबूत असेल तर पाणी शोषून घेण्याची त्याची शक्तीही शिल्लक असणार. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र दिल्यास आतडे ते पाण्यासह आत घेते, हे १९६० च्या दशकात ढाका आणि कोलकाता येथील संशोधकांनी रोग्यांवर दाखवून दिले. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी बनगावच्या छावणीत हेच मिश्रण हजारोंना पाजले आणि मृत्यूचे प्रमाण विलक्षण घटले. आज प्रत्येक आईला ठाऊक असलेली जलसंजीवनी ती हीच. तिच्यामागील अनेक नावांत शंभुनाथांचे नाव क्वचितच घेतले जाते.

त्यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा हा या चरित्राचा क्लेशदायक भाग आहे. १९६१ मध्ये पटकीच्या विकृतिशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विष आहे हे सिद्ध झाले होते, आता ते शुद्ध रूपात वेगळे करावयाचे होते. त्यासाठी जीवरसायनाची प्रगत साधने हवी होती आणि ती एका अध्यापन-रुग्णालयाच्या विभागात सहजी मिळण्यासारखी नव्हती. ते काम १९६९ मध्ये अमेरिकेत पार पडले. दरम्यान जगातील प्रयोगशाळा शंभुनाथांची पद्धत वापरीत होत्या. आपल्या देशात मात्र त्यांचा हयातीत कोणताही मोठा सन्मान झाला नाही, कोणत्याही राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांना मिळाले नाही. त्यांनी तक्रार केल्याचे कोठे दिसत नाही. विद्यार्थ्यांना शिकविणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या पाहणे हे त्यांचे काम १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत नेमाने चालू राहिले.

१९७८ मध्ये स्टॉकहोम येथे पटकी आणि अतिसार या विषयांवर नोबेल प्रतिष्ठानची एक परिषद भरली. तिचे निमंत्रण कोलकात्यातील या निवृत्त प्राध्यापकांना आले. ज्यांनी त्यांचे निबंध वाचून आपले संशोधन उभारले होते, ते शास्त्रज्ञ त्यांना तेथे प्रथमच भेटले. त्या प्रसंगी बोलताना शंभुनाथांनी आपण विस्मृतीत गेलो होतो याचा उल्लेख केला, परंतु त्यात कटुतेपेक्षा कृतज्ञता अधिक होती. नोबेल पारितोषिकविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचविले होते. ते पारितोषिक त्यांना मिळाले नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी त्यांच्या कार्याचा सविस्तर आढावा घेतला आणि १९९० मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकाने त्यांच्यावर विशेषांक काढला. देशाने घेतलेली ही दखल पाहावयास ते राहिले नव्हते.

लेडरबर्ग यांना शंभुनाथांच्या कार्याचे मोल कळावे, यात एक औचित्य होते. जंतू एकमेकांना आनुवंशिक गुण देतात, हा लेडरबर्ग यांचा मोठा शोध होता. माणसात गुण आईबापांकडून मुलांकडे जातात. जंतूंमध्ये ते शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेही जातात. १९५९ मध्येच, म्हणजे शंभुनाथांचा निबंध आला त्याच वर्षी, जपानमधील संशोधकांनी दाखविले की औषधांना दाद न देण्याचा गुण ई. कोलायकडून रक्ती आवेच्या जंतूकडे जाऊ शकतो. आतड्यात एकत्र नांदणारे जंतू जणू एकमेकांना चिलखत उसने देतात. पुढे १९९६ मध्ये असेही उघड झाले की पटकीच्या विषाची जनुके मुळात एका विषाणूने त्या जंतूत आणून ठेवलेली असतात. शंभुनाथांनी ओळखलेले विष आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे चिलखत, दोन्ही गोष्टी जंतूने बाहेरून मिळविलेल्या होत्या.

या उसनवारीची किंमत गरीब देशांना मोजावी लागली. १९७७ मध्ये टांझानियात पटकीची साथ आली तेव्हा टेट्रासायक्लीन हे औषध सरसकट वाटण्यात आले. काही महिन्यांतच तेथील बहुतांश जंतू त्या औषधाला जुमानेनासे झाले. १९९२ मध्ये मद्रासमध्ये पटकीच्या जंतूचा एक नवाच प्रकार उद्भवला आणि बंगाल, बांगलादेशापर्यंत पोहोचला. त्याच्या जनुकसंचात अनेक औषधांना विरोध करणाऱ्या जनुकांचा एक अख्खा गठ्ठा सापडला. २००० मध्ये पटकीच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, त्यात सुमारे चाळीस लक्ष अक्षरे होती. २०११ मध्ये जगभरातून गोळा केलेल्या १५४ वाणांचे जनुकसंच ताडून पाहिल्यावर दिसले की १९६१ पासून चालू असलेली पटकीची जागतिक साथ बंगालच्या उपसागराच्या परिसरातून तीन लाटांनी जगभर गेली. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या विषमज्वराच्या जंतूनेही आपले नवे चिलखत बहुधा ई. कोलायसारख्या शेजाऱ्याकडूनच घेतले असावे, असे त्याच्या जनुकांवरून कळले.

अशा रीतीने जंतूंवर ठेवलेल्या पाळतीला आज जनुकीय सर्वेक्षण म्हणतात. रुग्णाच्या विष्ठेचा नमुना घ्यायचा, त्यातून जंतू वाढवायचा, कोणत्या औषधाने तो मरतो ते तपासायचे, त्याची जनुके वाचायची आणि इतर गावांच्या, देशांच्या, वर्षांच्या नमुन्यांशी ती ताडायची. यातून रोग कोठून आला, कोणते चिलखत घेऊन आला आणि उद्या कोणते औषध निकामी होणार, हे आधी कळू शकते. परंतु ही साखळी जेथे सर्वाधिक हवी, तेथेच ती दुबळी असते. ज्या जिल्हा रुग्णालयात जंतू वाढविण्याचीच सोय नाही, तेथे त्याची जनुके कोण वाचणार? रसायने परदेशातून येतात, यंत्र बिघडले तर दुरुस्तीस वेळ लागतो आणि कित्येकदा नमुने दूरच्या देशात पाठवावे लागतात. नमुना जातो तेव्हा त्याबरोबर प्रश्न विचारण्याचा अधिकारही जातो आणि उत्तर परत येईपर्यंत साथ पुढे सरकलेली असते.

शंभुनाथ डे यांचे जीवन येथे नव्याने अर्थपूर्ण ठरते. पटकीचे रहस्य उलगडले ते ज्या रुग्णालयात पटकीचे रोगी येत त्याच शहरात, रोग्यांना रोज पाहणाऱ्या माणसाकडून. प्रश्न त्यांचा होता, म्हणून पद्धतही त्यांनीच शोधली. आणि जेथे साधनांनी साथ सोडली, तेथे त्यांचे काम थांबले व ते दुसऱ्यांनी दूरदेशी पुढे नेले. बुद्धी गावच्या शाळेतही उपजते. तिला टिकवून धरणारी व्यवस्था मात्र समाजाला उभारावी लागते, हे त्यांच्या यशातून जितके कळते तितकेच त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या कामातूनही कळते.

आज कोलकात्यात पटकी आणि आतड्यांच्या रोगांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९६२ मध्ये पटकी संशोधन केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला. तेथे रुग्णांच्या नमुन्यांतील जंतूंची औषधांपुढे परीक्षा होते आणि त्यांची जनुके वाचली जातात. त्या कामाला घराघरातूनही साहाय्य होऊ शकते. साध्या जुलाबांत बहुतेक वेळा प्रतिजैविकाची गरज नसते, जलसंजीवनी पुरते. डॉक्टरांनी न सांगितलेली गोळी मुलाच्या आतड्यातील निरुपद्रवी जंतूंनाही चिलखत घालावयास शिकवते आणि ते चिलखत पुढे कोणाच्या अंगावर जाईल, हे सांगता येत नाही. आतड्यातल्या जंतूंच्या या व्यवहाराकडे बारकाईने पाहावयास शिकविणाऱ्यांमध्ये हुगळीच्या काठावरचा हा प्राध्यापक होता. ज्या रोगापुढे त्याच्या गावाने ओलाईचंडीला हात जोडले, त्याच रोगाचे विष त्याने सशाच्या आतड्याच्या एका लहानशा तुकड्यात उघडे करून दाखविले.